विचारांमुळे नैराश्य येतं, की नैराश्यामुळे तसे विचार?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव परभणी जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या वर्षाचे दोन विषय बॅक राहिले. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. लेक्चरला बसलो तरी डोक्यात एकच चालू असतं, आपल्याच्याने हे होणार नाही. रूम पार्टनर म्हणतो, तू निगेटिव्ह विचार करतोस म्हणून तुला डिप्रेशन आलंय, पॉझिटिव्ह राहा. प्रयत्न केला, जमलं नाही. मग हे मीच ओढवून घेतलंय का?’

विचारांचा आणि नैराश्याचा संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. पण तू हे ओढवून घेतलेलं नाहीस. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून मी बावीस वर्षं काम करते आहे, त्यातली बरीचशी कॉलेजच्या मुलामुलींबरोबर. तुझा प्रश्न घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण दारातून आत येण्याआधीच स्वतःला दोषी ठरवून आलेला असतो. त्यामुळे आधी ते ओझं उतरवू, मग संबंधाचं बोलू.

दोन विषय राहिल्यावर चार दिवस जेवण न जाणं, घरचा फोन न उचलणं, रडू येणं याला आम्ही आजार म्हणत नाही. ते दुःख आहे, आणि ते व्हायलाच हवं. मात्र दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःबद्दलची टोकाची अपराधी भावना, मरणाचे विचार अशी आणखी लक्षणं असतील आणि रोजची कामं अडत असतील, तर नैराश्य या आजाराचा विचार करावा लागतो. तू लिहिलेलं वाचून मला तो करावासा वाटतो. निदान मात्र समोर बसून, नीट विचारपूस करूनच होतं.

आता विचारांकडे येऊ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲरन बेक हे मानसोपचारतज्ज्ञ फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करत होते. ते मूळचे मनोविश्लेषणाच्या, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतले. नैराश्याच्या मुळाशी आत वळलेला राग असतो, असं त्या काळी मानत, आणि बेक तेच तपासायला निघाले होते. रुग्णांशी बोलताना त्यांना वेगळंच काही सापडलं. माणूस तोंडाने एक सांगत असतो आणि त्याच वेळी आत दुसरं बोलणं भराभर चालू असतं: मी कंटाळवाणा आहे, यांना माझा वैताग आला असेल. हे विचार तो मुद्दाम करत नाही. ते आपसूक येतात, क्षणात येऊन जातात आणि येताना खरे वाटतात. बेक यांच्या लक्षात आलं की नैराश्यात हे आपसूक विचार तीन दिशांना धावतात: स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे. मी टाकाऊ आहे, लोक मला मोजत नाहीत, पुढे काही चांगलं होणार नाही.

‘आपसूक’ हा शब्द तू नीट धरून ठेव. शिंक जशी आपण ठरवून देत नाही, तसे हे विचार कोणी ठरवून आणत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह विचार करतोस’ या वाक्यातलं ‘करतोस’ हे क्रियापदच चुकीचं आहे.

शिवाय यातली वाट दोन्ही बाजूंनी वाहती आहे. मन उतरलं की आठवणीही उतरलेल्याच वर येतात. मार्कशीटवरचे राहिलेले दोन विषय डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि सुटलेले सगळे विषय त्याच कागदावर असून दिसत नाहीत. झोप मोडली की लक्ष लागत नाही, लक्ष लागलं नाही की ‘जमणार नाही’ला आणखी एक पुरावा मिळतो. विचार मनाला खाली ओढतात आणि खाली गेलेलं मन तसलेच विचार वर पाठवतं. आधी काय आलं हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही. उपचारासाठी त्याची गरजही पडत नाही, कारण चक्र कुठूनही तोडता येतं.

पण मग दोन विषय तर वर्गातल्या कितीतरी मुलांचे राहतात. ती सगळी आजारी का पडत नाहीत? १९७८ साली लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं की अपयशानंतर माणूस त्याचं कारण कसं लावतो, यावर बरंच काही ठरतं. कारण स्वतःतच आहे की बाहेरही आहे, ते कायमचं आहे की बदलणारं, आणि ते एकाच बाबीपुरतं आहे की सगळ्या आयुष्याला व्यापणारं.

ही तीन वळणं ओळखण्याची एक खूण आपल्या मराठीतच आहे. मी ती वर्षानुवर्षं वापरते. ‘च’ शोधायचा. मीच, कायमच, सगळंच. ‘माझ्यातच खोट आहे.’ ‘मला गणित कधीच येणार नाही.’ ‘माझं सगळंच वाटोळं झालंय.’ मुलं बोलत असतात आणि मी कागदावर नुसते ‘च’ टिपत जाते. मग कागद त्यांच्यापुढे सरकवते. एका मुलाच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात मी सतरा मोजले होते. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

‘च’ काढला की वाक्य गोड होतं असं नाही. तुझ्याच उदाहरणावर बघू, कारणं मी अंदाजाने घेते आहे. ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ याऐवजी: ‘पहिल्या सेमिस्टरला शिकवण्याचं इंग्रजी मला निम्मं कळत नव्हतं, विचारायची लाज वाटली, म्हणून गणिताची दोन युनिट्स राहिली आणि पेपर गेला.’ हे वाक्यही दुखरं आहे. पण यात कारणाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि हात घालायला जागा आहे. पहिल्या वाक्यात ती नाही.

जेराल्ड मेटाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली कॉलेज विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सत्राच्या मधल्या परीक्षेत कमी मार्क मिळाल्यावर विद्यार्थ्यांचं मन किती खाली जातं, ते त्यांनी निकाल लागल्या लागल्या पाहिलं आणि काही दिवसांनी पुन्हा पाहिलं. पहिला धक्का मार्कांचा होता. कारण कसं लावायची सवय आहे, याचा त्यात वाटा दिसला नाही. पण नंतरही मन खालीच राहिलं, ते प्रामुख्याने अपयशाला कायमचं आणि सर्वव्यापी कारण लावण्याची सवय असलेल्यांचं. निकालाच्या दिवशी रडणारा मुलगा दुबळा नाही, हे मी पालकांना या अभ्यासाच्या आधाराने सांगते. पंधरा दिवसांनी तो काय म्हणतोय, तिकडे लक्ष द्या.

याहून मोठा अभ्यास अब्रॅमसन आणि लॉरेन अलॉय यांनी फिलाडेल्फियाचं टेम्पल विद्यापीठ आणि मॅडिसनचं विस्कॉन्सिन विद्यापीठ इथे केला. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींची विचारांची घडण आधी तपासली आणि त्या वेळी आजारी नसलेल्यांचा पुढची अडीच वर्षं पाठपुरावा केला. ज्यांना आधी कधीही नैराश्य आलं नव्हतं अशांपैकी, नकारात्मक घडण असलेल्या शंभरांत साधारण सोळा-सतरा जणांना या काळात तीव्र नैराश्य आलं. तशी घडण नसलेल्यांत हे प्रमाण शंभरांत एक ते तीन होतं. म्हणजे विचारांची घडण आजाराच्या आधी अस्तित्वात असते आणि धोका वाढवते. पण हेच आकडे उलट बाजूनेही वाच. तशी घडण असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जणांना त्या काळात तीव्र नैराश्य आलं नाही.

घडण म्हणाले, पण ती कुठे होते? घरात, शाळेत, तुलनेत. ‘शेजारच्याला बघ’ हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मुलगा मला अजून भेटायचा आहे. दहावीला तालुक्यात पहिल्या आलेल्याला हॉस्टेलवर कळतं की इथे प्रत्येक मजल्यावर तालुक्यात पहिले आलेले चार जण आहेत. आतापर्यंत ‘हुशार’ ही एकच ओळख जपली असेल, तर दोन बॅक त्या ओळखीवरच घाव घालतात.

आता माझ्या अनुभवातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एक मुलगी आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. बी.एस्सी.ला होती, घरातली पदवीपर्यंत पोचलेली पहिली. ओरलला सरांनी प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण इंग्रजीत शब्द सुचेना. सर पुढच्या मुलीकडे वळले. तिच्या मनाने निकाल दिला: सरांना कळलं, हिला काही येत नाही. सरांच्या मनातलं तिने परस्पर वाचलं आणि त्यावर सहीही केली. मग ती त्या लेक्चरला जाईना. मग डिपार्टमेंटला जाईना. मैत्रिणी आधी बोलवायच्या, नंतर त्यांनीही बोलवणं सोडलं. जर्नल अपुरं राहिलं, हजेरी घसरली. चार महिन्यांनी माझ्यापुढे बसून ती म्हणाली, ‘बघा, मी म्हणत होते ना, मला काही येत नाही आणि मी कुणालाच नकोय.’

ओरलच्या दिवशी तो विचार खोटा होता. चार महिन्यांत टाळाटाळीने त्याला पुरावे जमवून दिले. नकारात्मक विचार मनाला नुसता त्रास देऊन थांबत नाही, तो माणसाला घरात बसवतो, आणि घरात बसल्यावर त्याला खोटं ठरवू शकेल असं काही घडतच नाही. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात. वैऱ्याला निदान पुरावे शोधावे लागतात.

याच्या जोडीला रवंथ असतं, म्हणजे तेच तेच विचार पुन्हा पुन्हा उगाळणं. सुझन नोलन-होक्सिमा या मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. उदास वाटल्यावर विद्यार्थी काय करतात, कारणं उगाळत बसतात की लक्ष दुसरीकडे वळवतात, याची प्रश्नावली त्यांनी भरून घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा गाठलं. आधीपासून रवंथ करायची सवय असलेल्यांत नैराश्याची लक्षणं जास्त होती, आणि सात आठवड्यांनंतरही जास्त होती.

रवंथ करणाऱ्याला वाटतं, आपण प्रश्न सोडवतोय. म्हणून ते थांबवणं अवघड जातं. ओळखायचं कसं? अर्धा तास विचार केल्यावर हातात एखादी करण्याजोगी गोष्ट आली, तर तो विचार होता. ‘माझंच असं का होतं’ हा प्रश्न घेऊन बसलास आणि तोच घेऊन उठलास, तर ते रवंथ. ‘का’च्या जागी ‘उद्या सकाळी काय’ हा प्रश्न ठेवून बघ. आणि उठ. अंथरुणात पडून रवंथ थांबवता आलेला माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

रूम पार्टनरने सांगितलेलं ‘पॉझिटिव्ह राहा’ तुला का जमलं नाही, तेही सांगते. कॅनडात जोआन वुड या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी आहे, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकायला लावलं तर बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. मन लगेच उलटतपासणी घेतं. त्यामुळे आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणायला मी कुणालाही सांगत नाही. आम्ही विचार उलटा करत नाही, तपासतो.

आणि तपासताना प्रामाणिक राहावं लागतं, कारण सगळे नकारात्मक विचार खोटे नसतात. वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलं आहे, यंदा सोयाबीनला भाव नाही, मेसचे पैसे थकलेत, हॉस्टेलवर जातीवरून कुणी बोलतं, सिनिअर त्रास देतात. यातलं काही तुझ्या बाबतीत खरं असेल आणि कोणी समुपदेशक त्याला ‘विचारातली चूक’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नकोस. तिथे शिष्यवृत्ती, फी भरायला मुदत, तक्रार समिती, वॉर्डन असे खरे उपाय लागतात. ‘भाव नाही’ ही वस्तुस्थिती. ‘म्हणून मी घरावरचं ओझं आहे’ हा त्यावर मनाने चढवलेला मजला. आम्ही फक्त मजला तपासतो, जमीन नाकारत नाही. शरीरही विसरू नकोस. थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ या साध्या तपासण्या डॉक्टर सुचवतील, त्या करून घे. घरात कुणाला नैराश्य होतं का, हेही सांग. आनुवंशिकतेचा वाटा असतो.

आता करायचं काय? मी विचारांपासून सुरुवात करत नाही, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटतं. मन खोल गेलेलं असताना विचारांशी वाद घातला तर बहुतेकदा विचार जिंकतात. आधी हातपाय हलवायचे. नील जेकब्सन यांनी १९९६ साली बेक यांच्या उपचारपद्धतीचे भाग वेगळे करून पाहिले, तेव्हा दिवसाच्या कामांची घडी परत बसवणं हा एकटा भागही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. आणि हे आपल्या मातीतही तपासलं गेलंय. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच उपचार सहा ते आठ भेटींत देऊन पाहिला. तो देणारे समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. ते विद्यार्थी नव्हते, तरी पद्धत तुलाही लागू पडते.

हॉस्टेलवर तिचं रूप अगदी साधं असतं. उठायची वेळ एकच, झोप लागली नसली तरी. नाश्ता रूमवर नाही, मेसमध्ये बसून. दिवसातून एकदा चालणं, शक्यतो कुणाबरोबर. अभ्यासाचं ध्येय ‘एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) संपवायचं’ असं नको, ‘वीस मिनिटांत दोन गणितं’ एवढंच. मनाला वाटल्यावर करीन असं म्हणू नकोस. या आजारात वाटणं करण्याच्या मागून येतं. पहिला आठवडा-दोन आठवडे काहीच फरक पडल्यासारखा वाटणार नाही. तरी वहीत नोंद ठेव.

थोडी हालचाल सुरू झाली की वहीत विचारांचं पान उघडायचं. काय घडलं, त्या क्षणी मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, किती खरं वाटलं, त्याच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे. लिहायचंच, मनातल्या मनात नाही. ‘वर्गातले सगळे पुढे गेले’ हे वाक्य लिहून पुढे नावं घालायला लागलं की ‘सगळे’ बहुधा पाच-सहा निघतात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान चार शितं तरी दाबून बघायची. मराठीत ही विवेकाने विचार तपासण्याची वाट नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने ती घराघरांत पोचवली. एलिस यांचा भर ‘मला यश मिळालंच पाहिजे’ या हट्टावर होता. पुन्हा तोच ‘च’, या वेळी अपयशाच्या आधी येणारा.

औषधांबद्दल: लक्षणं मध्यम किंवा तीव्र असतील तर मानसोपचारतज्ज्ञ औषध सुचवतील. ते घेणं हा पराभव नाही. परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नसतं. कॉलेजला कळेल ही भीती असेल तर हे माहीत असू दे: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुझ्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद वेगळा.

त्याबद्दल तुला सरळ विचारते, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मेलेलं बरं, असं मनात येतं का? येत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, एका माणसाला सांग. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आत्ताच काही करून घेईन असं वाटत असेल तर एकटा राहू नकोस. रूम पार्टनरला उठव, ११२ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. ‘यापुढे काहीच नाही’ हा विचार त्या क्षणी सगळ्यात खात्रीचा वाटतो. मी तो शेकडो मुलांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यातले कितीतरी जण नंतर नोकरी लागली, लग्न ठरलं, हे सांगायला येऊन गेले आहेत.

पालक किंवा शिक्षक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ याच्या आधी ‘झोप लागते का, जेवलास का’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून ने: कधीपासून, झोप किती, जेवण किती, मरणाचा विचार येतो की नाही, आणि डोक्यात सगळ्यात जास्त वेळा फिरणारं एक वाक्य. समोरच्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोध, पण एका भेटीवर सोडू नकोस.

आणि हे उत्तर रूम पार्टनरला वाचायला दे. त्याचा सल्ला चुकला, पण तुझं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आलं. त्याला दोन कामं सांग. सकाळी आठला मला मेसमध्ये घेऊन जा, मी नाही म्हटलं तरी. आणि बॅकच्या विषयांचा परीक्षा फॉर्म भरायची तारीख येईल तेव्हा माझ्या शेजारी बस.